हक्कसोडीत आलेली गाडी

आमची गाडी आम्हाला फुकट मिळाली. इतकी महाग वस्तू आमच्या घरात पुन्हा आली नाही.

फुकट म्हणजे अगदीच फुकट नव्हे. कशेळीला खाडीच्या अंगाला माझ्या सासऱ्यांची भाताची खाचरं होती. सासरे गेले, खाचरांवर गोदामं उभी राहायची वेळ आली आणि माझ्या बायकोला, रंजनाला, तिच्या धाकट्या भावाने हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. आमच्याकडे बहिणी सही करतात. नाही केली तर जमिनीत हिस्सा मिळतो आणि माहेर जातं. रंजनाने माहेर ठेवलं. (घरातला शिकलेला माणूस म्हणून तो कागद मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. ते मी दाखवून दिलं आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं!)

सही झाल्यावर हरेशने, म्हणजे माझ्या मेव्हण्याने, जमलेल्या नातेवाइकांसमोर तिच्या हातात साडी दिली आणि साडीवर एक चावी ठेवली.

"ताय, आता तू रिक्षानं न्हाय फिरायचा. ही गारी तुझी."

गाडी त्याची वापरून झालेली होती. त्याच्याआधी आणखी कोणाची वापरून झालेली होती. दारात नवी मोठी गाडी आल्यापासून हरेश ती सुकट आणायला नेत असे, त्यामुळे उन्हात काचा लावून ठेवली की आत बोंबलांचा बाजार भरायचा. रंग पांढरा होता, पण प्रत्येक दाराचा पांढरा वेगळा होता. डिकी सुतळीने बांधलेली होती. पावसाळ्यात वायपर फिरवायचा असेल तर शेजारी बसणाऱ्याने हात बाहेर काढून तो फिरवायचा. शेजारी मी बसत असे.

मला गाडी चालवता येत नाही. मी शाळेत मराठी शिकवतो. (हे ऐकल्यावर लोक पुढे काही विचारत नाहीत.) रंजना मात्र पंधरवड्यात चालवायला शिकली आणि तिला त्या डब्याचा नाद लागला. खोटं कशाला बोलू, ते दिवस सुखाचे होते. रविवारी आम्ही वज्रेश्वरीला निघायचो. जाताना गरम पाण्याची कुंडं बघायला आणि येताना अंबाडीच्या पुढे रस्त्याच्या कडेला आमचं स्वतःचं कुंड उकळताना बघायला! रंजना बॉनेट उघडून एखाद्या दगडावर बसायची, ओच्यात शेंगा सोलायची आणि म्हणायची, "थंड होऊ दे तिला. तोवर तुमचं प्रकरण संपवा." मी पुस्तक काढायचो. माझी कित्येक जाडजूड पुस्तकं त्या रेडिएटरने वाचून घेतली आहेत.

गाडीला सेल्फ होता, पण तो लहरी होता. एरवी आमचा सेल्फ म्हणजे भिवंडीतल्या आमच्या गल्लीतल्या लूमची, यंत्रमागांची, सकाळची शिफ्ट. रात्रपाळी सुटून दिवसपाळी चढायच्या वेळेला शेजारचे शकीलभाई हाळी द्यायचे, "अरे आओ भाई, भाभी की गाडी है!" मग केसांत सुताचे तंतू अडकलेले पाच-सहा जण मागून धक्का मारायचे, गाडी खोकायची, धूर सोडायची आणि रंजना एखाद्या मंत्र्यासारखा हात बाहेर काढून सगळ्यांचा निरोप घ्यायची. शिफ्टची वेळ चुकली की आम्ही रिक्षाने जायचो.

वर्षातून एक दिवस मात्र या गाडीने चालायलाच हवं होतं. तो दिवस भाऊबीजेचा.

हरेश प्रत्येक भेटीत विचारायचा, "गारी चालतेय ना गो ताय?" त्या प्रश्नात काळजी असायची. आणखीही काहीतरी असायचं. ते रंजनाला ऐकू यायचं, मला यायचं नाही.

"मस्त चालते," ती म्हणायची.

घरी आल्यावर मला म्हणायची, "ज्या दिवशी ही बंद पडलेली त्याच्या नजरेला पडेल ना, त्या दिवशी माझी सही दुसऱ्यांदा झाली असं समजा."

तर त्या वर्षीची भाऊबीज. सकाळच्या शिफ्टने धक्का दिला, गाडी निघाली, अंजूरफाटा मागे पडला. मी नवा रेशमी कुर्ता घातला होता आणि मांडीवर करंज्यांचा डबा होता. काल्हेरच्या पुढे कंटेनरांची रांग लागली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आम्ही! तापमानाचा काटा वर चढला.

"हीटर लावा," रंजना म्हणाली.

"अगं, ऊन बघ बाहेर!"

"इंजिनाची गरमी आत येऊ दे, म्हणजे ते थंड होईल. लावा."

लावला. इंजिन किती थंड झालं कोण जाणे. आत मात्र मी, करंज्या आणि जुन्या बोंबलांचा वास असे तिघेही शिजायला लागलो.

"काच खाली करू का?"

"तुमच्या बाजूची काच हल्ली खाली गेली तर वर येत नाही. हरेश बघेल."

रडत-रखडत कशेळीत शिरलो. हरेशच्या बंगल्याची गल्ली पंधरा-वीस घरं पुढे राहिली असताना गाडीने एक लांब उसासा टाकला आणि बंद पडली. रंजनाने चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा काही नाही.

"उतरा," ती म्हणाली.

"कुठे?"

"मागे."

मी डबा काखेत मारून कुर्त्यानिशी मागे गेलो आणि ढकलायला लागलो. ओळखीचे लोक दिसले की रंजना मला हाताने खूण करायची, मग मी ढकलणं थांबवून डिकीची सुतळी तपासत असल्यासारखं करायचो. (त्या दिवशी ती सुतळी मी जितकी तपासली तितके मी सहामाहीचे पेपरही कधी तपासले नाहीत.) गल्लीच्या तोंडाशी आलो. तिथून रस्ता खाडीकडे उतरतो, हे तिने मनात धरलं होतं.

"आता शेवटचा जोर लावा आणि सोडून द्या. मी जाते."

मी जोर लावला. बंद गाडी, आत ताठ बसलेली रंजना, उतारावरून घरंगळत थेट बंगल्याच्या फाटकातून आत गेली आणि अंगणात डौलात थांबली! इंजिनाचा आवाज म्हणून नाही.

हरेश ओसरीवरून बघतच राहिला. "आयला ताय! आवाजच येत न्हाय गो गारीचा!"

"सर्व्हिसिंग केलंय," रंजना म्हणाली.

तेवढ्यात घामाने निथळत, करंज्यांचा डबा छातीशी धरून मी फाटकातून आत शिरलो.

"दाजी, तुम्ही चालत?"

"डॉक्टरने सांगितलंय," मी म्हणालो.

ओवाळणं झालं, जेवण झालं. हरेश एकदाही म्हणाला नाही की गाडी चालतेय ना. रंजनाचा चेहरा उजळला होता. माहेरी तिचा तसा चेहरा मी सहीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. आत येताना उताराने साथ दिली होती, जाताना तोच उतार चढ होणार आहे, ही गोष्ट आम्हा दोघांनाही करंजीचा शेवटचा तुकडा तोंडात असताना एकाच वेळी आठवली.

निघायची वेळ झाली. आम्ही गाडीत बसलो. आता त्यांच्या घरची रीत अशी, की भाऊबीजेला आलेली बहीण नजरेआड होईपर्यंत भावाने आत जायचं नाही. हरेश फाटकाशी उभा राहिला. त्याची बायको उभी राहिली. कामाची बाईसुद्धा उभी राहिली.

"जा तू आत," रंजना म्हणाली.

"तू निघ, मंग जातो."

"ऊन आहे रे."

"असू दे."

"अरे, जेवून लगेच उभं राहू नये."

"तू निघ ना गो!"

त्यांनी हात हलवले. आम्ही हात हलवले. कोणीच कुठे गेलं नाही. हात दुखायला लागला म्हणून मी हात बदलला. वहिनी धावत आत जाऊन वाटेत खायला म्हणून लाडू घेऊन आली आणि पुन्हा हात हलवायला उभी राहिली. मग मलाच राहवेना. "भाऊ-बहिणीचं नातं मोठं लोभस असतं," असं मी काहीतरी म्हणालो. रंजनाने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य मी आजतागायत पूर्ण केलेलं नाही.

शेवटी तिने चावी फिरवली. खर्र. आणि मग शांतता.

हरेशला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तो हसला. मोठ्याने, मोकळेपणाने, लहान भाऊ मोठ्या बहिणीला हसतो तसा. वहिनी हसली. कामाच्या बाईने पदर तोंडाला लावला.

"तरीच म्हणतो, आवाज कसा न्हाय! थांब ताय, मी नेतो ओढून."

त्याने आपली नवी गाडी काढली, दोर बांधला आणि आम्हाला कशेळीपासून भिवंडीपर्यंत भर रस्त्याने ओढत नेलं. रंजना स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होती. चेहरा असा, की आपल्याला कोणी ओढत नाहीये, आपण मागे राहून पुढच्याला वाट दाखवतो आहोत! सिग्नलला हरेशने काच खाली करून मागे वळून ओरडून विचारलं, "ताय, दुसरी देऊ का? एक अजून परली हाय माझ्याकडं!"

"नको," ती म्हणाली. "हीच मस्त चालते."

घरी आल्यावर लाडवांची पिशवी तिने तशीच शकीलभाईंकडे पाठवून दिली.

गेल्या थंडीत रंजना गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली होती. (रिक्षाने. दुपार होती, शिफ्ट सुटायला वेळ होता.) ती परत आली नाही. तिची गाडी गल्लीत उभी राहिली, तिच्यावर सुताची धूळ बसत गेली आणि मी रोज शाळेत जाताना तिच्याकडे न बघता जायला शिकलो.

दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी हरेश आला. डोळे लाल होते, वाटेत रडला असावा. माणूस वाईट नाही. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

"दाजी, गारी मी उचलून नेतो. भंगारवाला वळखीचा हाय. तुम्ही काय करनार तिचं?"

"राहू दे."

"चालत तर न्हाय ती."

"मस्त चालते," मी म्हणालो. म्हटल्यावर मीच चमकून मागे पाहिलं.

हरेश उदास हसला. "मंग दाखवा चालवून."

शिफ्ट बदलत होती. शकीलभाई बाहेर उभे होते. मी दार उघडून उजवीकडच्या सीटवर बसलो. सीट तिच्या बेताने पुढे ओढलेली होती, माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. हँडब्रेक लागत नसे म्हणून ती गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवत असे. गिअर तिने ठेवला होता तिथेच होता. मी त्याला हात लावला नाही.

"मास्टरजी, आप?" शकीलभाईंनी विचारलं.

"हां, मैं."

"या अल्ला!" ते म्हणाले आणि माणसांना हाक मारली. "मास्टरजी, चाबी घुमाओ, बायाँ पैर दबा के रखो! बोलूँगा तब छोड़ना!"

मी डावा पाय दाबून धरला. धक्का बसला. गाडी हलली, सरकली, पळायला लागली. शकीलभाई काही बोलायच्या आत माझा पाय घामाने सटकला. म्हणजे जे व्हायला हवं होतं तेच झालं! एक हिसका, एक काळा ढग, आणि इंजिन चालू! असा आवाज, की लूमवरची माणसं बाहेर आली. मला रडू आलं. डोळे पुसले तेव्हा समोर गल्लीचं तोंड होतं आणि त्या तोंडात हरेशची नवी गाडी उभी होती.

"दाजी, ब्रेक!" तो मागून पळत ओरडत होता. "ब्रेक मारा!"

मी दोन्ही पाय पूर्ण ताकदीने दाबले. डावा क्लचवर होता, हे नंतर कळलं. उजवा ॲक्सिलरेटरवर. गाडी गर्जना करत गेली आणि नव्या गाडीच्या दाराला टेकून थांबली. ते दार आत गेलं. आमचं इंजिन मात्र सुरूच होतं.

हरेश धापा टाकत आला. त्याने आपल्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बघ," मी म्हणालो, "चालतेय."

गाडीबद्दल त्याला बोलायला काही सुचलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं होतं, आणि जिने ते बघायचं ती तिथे नव्हती.

ब्रेकविषयी मी अगदीच अडाणी होतो असं मात्र कोणी समजू नये. रंजना गेल्यावर रात्र सरत नसे, तेव्हा मी गाडी चालवण्याचं एक पुस्तक आणून दोनदा वाचलं होतं, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघाही मारल्या होत्या. पायाखालच्या तीन पट्ट्यांतली मधली पट्टी ब्रेकची, हे मला तोंडपाठ होतं. फक्त, वाचायला पाय लागत नाहीत.