शिंगाड्याचे वेल

उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की मला देऊळघाटचा तो उन्हाळा आठवतो. तलाव आटत चालला होता आणि सगळ्यांचे शिंगाड्याचे वेल वाळले होते. आईने मात्र उरलेसुरले हिरवे वेल आणून बैलांच्या हौदात सोडले आणि विहिरीचं पाणी ओढून जगवले. पावसाळ्यात तलाव भरला, तोवर हौद रोपांनी गच्च झाला होता. आई ती घरोघरी वाटायला निघाली. "साऱ्याइले काऊन वाटून राह्यली?" बाबांनी विचारलं. "आपल्या एकट्याच्या वेलानं तलाव भरते का?" ती म्हणाली. त्या वर्षी पानांखाली पाणी दिसेना. काठावरून जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायचे, "हे माया मायनं जगवलं." आता तिथे मला कुणी ओळखत नाही, तरी गेले की अनोळखी माणसालाही मी तेच सांगते.