आठवी डिश

बावीस वर्षं प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या बाईला "तुमच्या हाताला यश नाही" असं म्हणायचं? मॅडम म्हणाल्या खऱ्या! मेंदूतल्या चेतापेशी काचेच्या डिशमध्ये जगवायच्या होत्या आणि त्या दर वेळी आठवड्याभरात माना टाकत होत्या.

"मावशी, ही शेवटची खेप. हीही मेली तर डिश दुसऱ्या कुणाच्या हाती, आणि तुम्ही बाटल्या धुवायला."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सांगता कुणाला!

चेतापेशी निरोप पोचवतात, म्हणून त्यांचा केवढा मान! त्यांच्यासोबत येणाऱ्या ग्लिया पेशी म्हणजे बिनबोलावलेले पाहुणे. तिसऱ्या दिवशी औषधाचे थेंब टाकून त्यांना मारायचं. त्या औषधाला सगळे तणनाशकच म्हणत.

आठव्या दिवशी मावशींनी जीव मुठीत धरून एकेक डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सातही गेलेल्या. आठवी ठेवली आणि त्या किंचाळल्याच, "अगं बाई, जिवंत!"

धागेच धागे, एका पेशीतून निघून दुसरीला भिडलेले! मॅडम धावत आल्या, डोळा लावला आणि त्यांनी मावशींना चक्क मिठी मारली. "काय जादू केलीत हो?"

मावशींना उत्तर ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी औषध घालून झाल्यावर नळीत एका डिशपुरतं औषध उरलं होतं. म्हणजे एक डिश राहिली होती, पण कोणती ते कळेना, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. आताही गप्प बसलं तर हाताचं नाव होणार. सांगितलं तर बाटल्या. पण एवढा मोठा शोध पोटात ठेवायचा कसा?

"जादूबिदू काही नाही, मॅडम. हिला औषध घालायला मी विसरले."

मॅडमनी पुन्हा डोळा लावला, तो काढीचनात.

"अहो, धाग्यांच्या खाली बघा! सगळीकडे ग्लिया पसरल्यात. चेतापेशींना खाऊ घालायचं, त्यांचा केरवारा काढायचा, सगळं याच करतात. आपणच त्यांना मारत होतो, आणि मी मेली तुमच्या हाताला बोल लावत होते!"

मावशींच्या डोळ्यांना धारा लागल्या. हसूही आवरेना.

"उद्या नव्या आठ डिश लावा," मॅडम म्हणाल्या. "चारला औषध घाला, चारला विसरा. आणि या वेळी कुठल्या चार विसरलात, ते लिहून ठेवा!"