कोरसबाईंचा आवाज

डिस्कोचं नाव काढलं की मास्तरांचं डोकं फिरायचं. मास्तर म्हणजे शिंपी. दिवसभर शिलाई मशीनवर, शेजारी रेडिओ. असं गाणं लागलं की यांची बडबड सुरू. "चाल परदेशातून ढापायची, वर हिंदी शब्दांची ठिगळं मारायची, आणि म्हणे नवीन गाणं!"

गंमत म्हणजे त्याच गाण्यांवर घराला हातभार लागायचा. बायको कोरसमध्ये गायची. संगीतकार परदेशी तबकडी लावायचा, सहाजणी जिवाचा कान करून ऐकायच्या आणि तिकडच्या बायकांचं ते "ऊ-ऊ, हे-हे" हुबेहूब उतरवायच्या. लोक तिला कोरसबाईच म्हणत.

साठी उलटली आणि कोरसबाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन सोमवारी ठरलं.

मास्तर वरवर धीर देत होते, पण आतून पार खचले. निदान तिचा आवाज तरी घरात राहावा म्हणून जुन्या कॅसेटी काढून बसले. एकेक गाणं लावायचं, कान टेकवायचा. ती कुठे सापडेचना.

"यात तू कुठली गं?"

"अहो, तशी ओळखू आले असते तर दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं मला," ती बसक्या आवाजात हसली. "सहाजणींचा एक आवाज व्हायला हवा. तेच तर काम!"

मग मास्तरांनी लेकीचा मोबाइल रेकॉर्डिंग सुरू करून तिच्यासमोर ठेवला. "एकटी गा. माझ्यासाठी."

तिने तोंड उघडलं, मिटलं. "नाही हो जमत. जन्मभर शेजारी कुणीतरी असायचं. तुम्ही गा ना बरोबर."

"मी? अगं, शेजारीपाजारी भांडायला येतील!"

पण करतात काय? दोघांनी एक डिस्कोचंच गाणं धरलं आणि मास्तर बेंबीच्या देठापासून बेसूर गायले.

ऑपरेशन नीट पार पडलं. गळ्याला पट्टी बांधून ती घरी आली. मास्तरांनी मोठ्या हौसेने मोबाइल लावला आणि कपाळावर हात मारला. नुसता त्यांचाच रेडक्यासारखा आवाज! तिने आपला सूर त्यांच्या बेसुरात बेमालूम मिसळून टाकला होता.

"अगं, इथेही कोरसच केलास? निदान आज तरी मिसळायचं नव्हतंस!" म्हणता म्हणता त्यांना रडू फुटलं.

तिने त्यांचा हात धरला, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि ओळ संपत आली तसं बोट वर केलं. मास्तरांचा दम तिथे संपला होता. शेवटचा शब्द राहिला होता, आणि ओळ अर्धवट सोडणं काही तिच्या रक्तात नव्हतं. तो शब्द तिने एकटीने म्हटला होता. बसका, पण सुरात. तिचाच.

पुढच्या ओळीलाही तेच. त्याच्या पुढच्याही.

मास्तर डोळे पुसत, प्रत्येक ओळ संपायची वाट बघत बसले.