दुकानात न नोंदवलेलं औषध

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने मला फसवलं. तिने एका जपानी व्हिडिओ गेममध्ये केलेलं शेवटचं औषध त्याने वापरून संपवलं, आणि मला सांगितलं की गेमचं मशीन बिघडलं. पूर्वी मी त्याला भाऊजी म्हणायचे. आता म्हणत नाही.

सदाशिव पेठेत माझी विद्यार्थ्यांची मेस आहे. लोकांच्या घरी पोळ्या लाटत होते, तिथून चार डब्यांवर सुरुवात केली. बहिणीच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा ती कात्रजहून माझ्याकडे राहायला आली, कारण डायलिसिसचं सेंटर माझ्या गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर. दुपारी मेसची भांडी आवरली की आम्ही दोघी तिच्या जुन्या मशीनवर तो गेम खेळायचो. आमच्या मेसमध्ये दिवसरात्र गेम खेळणारी पोरं जेवतात, त्यांनीसुद्धा त्याचं नाव ऐकलं नव्हतं.

गेममधली पोरगी रानातून पाला, दगड, किड्यांचे पंख गोळा करते आणि एका मोठ्या हंड्यात शिजवून औषधं नि बॉम्ब तयार करते. लढाई जिंकायची ती त्यांच्यावरच. हंडा माझ्याकडे होता, लढाई बहिणीकडे. हंड्यात जे पडेल त्याचा गुण औषधात उतरतो. मार्केट यार्डात मी मेथीची जुडी वरून बघून घेत नाही, मधून उघडून बघते. इथेही तेच. ती दिसायला टवटवीत पाला उचलायची. मी तो बाजूला करून मरतुकडा घ्यायचे, कारण खरा गुण त्याच्यात असायचा.

लढाई कधी माझ्या हाती आली, तर मात्र मला दम निघत नसे. शत्रू दिसला की बॉम्ब.

"ताई, तू भाजीवाल्याशी भांडतेस तशी लढतेस," ती म्हणायची. "आधी त्याची पाळी होऊ दे. थोडा मार खायला शिक."

ती स्वतः मार खात थांबायची. सुया टोचून टोचून हाताच्या शिरा फुगल्या होत्या, त्याच हाताने शांतपणे बटणं दाबायची. मला ते बघवायचं नाही.

शेवटच्या महिन्यात तिने एकदा हंडा मागून घेतला आणि एक औषध केलं. सगळे जण लढाईत पडले तर सगळ्यांना उठवणारं, पण एकदाच चालणारं. गेममध्ये केलेल्या वस्तूंना आपण नाव देऊ शकतो. तिने इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'ताईचं वरण'.

गेममध्ये एक दुकानदार आहे. त्याच्याकडे वस्तू नोंदवली की तो तश्शाच हव्या तितक्या करून देतो. या औषधाच्या नोंदणीचा त्याने जो भाव सांगितला, त्यात आमची गेममधली सगळी शिल्लक गेली असती. मी म्हटलं, निम्म्यात देत असेल तर बघू.

"ताई, त्याला कमी करायचं बटणच दिलेलं नाही."

"मग बसू दे तसाच."

ती खूप हसली. नंतर दोनदा म्हणाली, "नोंदव गं." मी नाही नोंदवलं. पडद्यावरच्या बाहुल्यापुढेसुद्धा मला माघार घ्यायची नव्हती. त्यामुळे ते औषध एकच राहिलं.

ती गेल्यावर महिन्याभराने तिचा नवरा मशीन मागायला आला. म्हणाला, काही दिवस घरात असू दे. मी दिलं. अट एकच घातली: हवं तितकं फिरा, पण लढाई करू नका. त्याने मान डोलावली.

परत आलं तेव्हा औषधाच्या जागी रिकामा चौकोन होता. "ताई, मशीन जुनं झालंय. आपोआप गेलं असेल," तो म्हणाला. पण आमच्या साठवून ठेवलेल्या खेळाच्या नावापुढे एक तारा उमटला होता. शेवटची लढाई जिंकल्याशिवाय तो येत नाही. मशीन बिघडल्यावर तारे उमटत नाहीत, एवढं मला कळतं.

मी त्याला मेसच्या दारातच धरलं. जेवणारी पोरं ताटावरून बघत राहिली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी तो खाली बघत म्हणाला, "तिनेच सांगितलं होतं. ताई ते कधीच वापरणार नाही, तू वापर आणि शेवट बघ, म्हणाली." मग आधी खोटं का बोललास, विचारलं, तर चपला घालून निघून गेला. तेव्हापासून फोन उचलत नाही. कात्रजला दोनदा गेले, दोन्ही वेळा दाराला कुलूप.

ती असं म्हणू शकते. हे मला माहीत आहे, म्हणूनच झोप लागत नाही. तो स्वतःला वाचवायला असं रचू शकतो, हेही माहीत आहे. तिचं शेवटचं बोलणं त्याच्यापाशी आहे आणि ते खरं की खोटं हे सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

तेव्हा त्याने यावं. दुपारी भांडी आवरल्यावर मी रिकामीच असते. माझ्यासमोर बसावं, माझ्या डोळ्यांत बघावं, आणि ती असं म्हणाली होती की नाही, तेवढं एका शब्दात सांगावं.