आठवं पिल्लू

आमच्या संस्थेत तिला सगळे उंदीरमावशी म्हणतात. मी तिथे पिंजरे धुतो, ती उंदीर सांभाळते. बाई जिभेची तिखट. नोंदीत खाडाखोड दिसली की भल्याभल्या शास्त्रज्ञांना फैलावर घेते.

हे उंदीर साधे नाहीत. डोळा घडवणारं एक जनुक त्यांच्यात मुद्दाम बिघडवलंय, म्हणजे ते नेमकं काय काम करतं हे कळेल. एका पिंजऱ्यात आईबाप दोघेही तसलेच, त्यामुळे पिल्लं झाडून सगळी बारीक, अधू डोळ्यांची. मावशीची लेकही उजवा डोळा मटाराएवढा घेऊन जन्मली. म्हणून या कामात तिचा फार जीव.

मागच्या महिन्यात त्या पिंजऱ्यातल्या एका पिल्लाने चौदाव्या दिवशी चांगले टपोरे डोळे उघडले. संशोधन करणारी ताई आनंदाने नाचायचीच बाकी होती. दुसऱ्या कुठल्या तरी जनुकाने बिघाड भरून काढला असणार, म्हणाली. मावशीने घरी लेकीला सांगितलं. पोर रोज त्या पिल्लाची चौकशी करू लागली.

आणि इथेच मावशीचं बिनसलं. बदललेला भुसा पुन्हा बदलायची, डबा न उघडताच परत न्यायची, मी थट्टा केली तर अंगावर यायची. शेवटी एकदा धुतलेल्या पिंजऱ्यांच्या ढिगाआड नेऊन तिने सगळं सांगितलं. पिल्लं पाच दिवसांची होती. लेकीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, उशीर होत होता, म्हणून तिने भुसा बदलायला हा आणि शेजारचा, साध्या उंदरांचा, असे दोन पिंजरे एकदम उघडले. एका वेळी एकच, हा तिचाच नियम. नंतर मोजलं तर शेजारच्यात एक कमी. आईने खाल्लं, असं लिहिलं. उंदरांत तसं होतंच. इकडे सातची आठ झालेली. आधी मोजताना चुकले असेन, म्हणून तिने सातावर आठ गिरवला. ते टपोरे डोळे दिसले तेव्हा तिला उमगलं, शेजारचं पिल्लू आपल्याच हातून इकडे आलंय.

"मावशी, गप्प राहा," मी म्हणालो. "कोणाला कळणार आहे?" त्याची मला आजही लाज वाटते.

"मला कळलंय ना," ती म्हणाली. "ताई त्या पिल्लापायी वर्षं घालवेल. आणि माझी पोर रोज वाट बघतेय रे."

ती तशीच उठली आणि ताईला सांगून आली. ताईने पिल्लाच्या कानाचा कण घेऊन जनुकं तपासली. तिसऱ्या दिवशी कळलं, पिल्लू शेजारचंच. ताई रागावली नाही. नोंद तेवढी सुधारा, म्हणाली. ते मावशीला जास्त लागलं.

संध्याकाळी लेक फाटकाशी उभी होती. मावशीने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

पोर म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखी सातच?"

"सातच."

"त्यांना नीट बघत जा हं, आई."

दुसऱ्या दिवशी मावशीने तोच पिंजरा आधी उघडला, एकटाच. सात मोजली. झाकण लावलं, पुन्हा उघडलं आणि पुन्हा मोजली.