पावसाच्या जंगलात काकूनं झाडाला पाणी घातलं

मंडळी, आम्ही आत्ताच डोंगरावरून खाली उतरलो आणि मोबाईलला रेंज आली. सकाळचं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आम्ही सोलापूरचे सहा जण कर्नाटकातल्या एका राष्ट्रीय उद्यानात दोन दिवस चालायला, तंबूत राहायला आलोय. सोबत वळसंगची माझी काकू; तिचं गाव सीमेजवळ, त्यामुळे तिला कानडी येतं. जंगल इतकं दाट की दुपारीही अंधारून येतं, आणि थोडं चाललं की ओढा लागतो. तरी आम्ही घरून पाण्याचे कॅन आणलेले.

सकाळी काकूनं तांदूळ धुतले आणि ते पाणी एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी सावकाश ओतलं. वरून पानांतून पाणी टपकत होतं, खाली नुसता चिखल. सगळे हसले.

"काकू, इथं कशाला?" मी जरा रागावूनच म्हणाले.

"सवय हाय गं. हात ऐकत न्हाय."

आमचा वाटाड्या तिथलाच. त्यानं कानडीत विचारलं, "अम्मा, तुमच्याकडे पाऊस येत नाही का?"

"येतो की," काकू कानडीतच म्हणाली, "पण त्याच्या भरवशावर झाड सोडता येत नाही."

उतरताना माझा एक कॅन तसाच भरलेला होता. वाटाड्या म्हणाला, "ओझं कशाला? ओतून टाका."

मी झाकण उघडलं. चार दिवसांनी नळाला आलेलं, पहाटे उठून भरलेलं पाणी ते. शेजारी ओढा वाहत होता, तरी मला ओतवेना.

परतीच्या गाडीत कॅन आत्ता माझ्या मांडीवर आहे आणि काकू शेजारी झोपलीय. तुम्ही ओतलं असतं?