जांभळ्या मर्क्युरीचा माग

डार्लिन फागुंडेसची उभी हयात हॅनफर्डमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात, काउंटरमागे गेली. माझं टायरचं दुकान तिच्या शेजारीच होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिच्याकडे कॉफीला जायचो. तिथे रोज कुणी ना कुणी म्हातारा काउंटरवर कोपर टेकून जुन्या गाड्यांच्या आठवणी काढत बसलेला असायचा. गाड्या साध्या नव्हेत, आमच्याकडच्या पोरांनी पन्नासच्या दशकात हाताने घडवलेल्या. छप्पर कापून बुटकं केलेल्या, दाराच्या मुठी काढून त्या जागा शिशाने भरून गुळगुळीत केलेल्या, पोट जमिनीला टेकेल इतक्या खाली बसवलेल्या. म्हातारे सुस्कारा टाकत म्हणायचे, "कुठे गेली असेल गं ती?"

"मग शोधा की," डार्लिन म्हणायची. "नुसते उसासे टाकून गाडी दारात येणार आहे का?"

कुणी शोधत नव्हतं. शेवटी तिने स्वतःच सुरुवात केली. नवरा वारला होता, मुलगी फ्रेस्नोला नांदत होती. रविवारी सकाळी चर्च झालं की ही बाई आपली पिकअप काढायची आणि लोकांच्या परसदारी जाऊन उभी राहायची. तिला सापडलेल्या गाड्यांचे शेवट काही फार चांगले नसायचे. एक फोर्ड किंग्ज नदीच्या काठी निघाली. पूर आला की माती वाहून जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांनी ती इतर भंगार गाड्यांबरोबर काठात गाडली होती, आणि तिचं एक मडगार्ड मातीबाहेर डोकावत होतं. एक शेवरोले जत्रेतल्या गाड्यांच्या टकरींच्या खेळात चेपून गेली. एकीत टर्की कोंबड्या अंडी घालत होत्या. तरीही डार्लिन त्या मालकाला जाऊन खरं ते सांगायची. मी एकदा म्हटलं, "कशाला सांगतेस? बिचाऱ्याला वाटू दे ना, असेल कुठेतरी."

"नाही रे," ती म्हणाली. "असेल कुठेतरी, यासारखं वाईट काही नाही. माणूस अडकून पडतो त्यात."

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत तुलारीला जुन्या भागांचा बाजार भरला होता. तिथे एकाने तिला एक फोटो दाखवला. पन्नास सालची मर्क्युरी, गडद जांभळी, छप्पर इतकं खाली की काचा म्हणजे नुसत्या फटी. एवढी देखणी गाडी आमच्या भागात दुसरी झाली नाही, असं सगळ्यांचं एकमत झालं. ती घडवली होती हार्लन स्टिडमने. नंतर तिचं काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. हार्लनबद्दल एवढंच ठाऊक होतं की सत्तावन्न साली त्याने अचानक आपलं गॅरेज बंद केलं, वेल्डिंगची नळी पुन्हा हातात धरली नाही आणि निवृत्त होईपर्यंत कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलं.

"माणूस जिवंत आहे आणि त्याला कुणी विचारलं नाही?" डार्लिन म्हणाली.

"विचारून बघ," फोटोवाला म्हणाला. "कुत्रं नाही त्याच्याकडे, पण गरज पण नाही; तोच अंगावर येतो."

पुढच्या रविवारी ती मलाही सोबत घेऊन गेली. हार्लन पंचाहत्तरीचा, अंगाने काटक, हात मात्र फावड्यासारखे. त्याची बायको ओपल हिने आम्हाला आत बसवलं, पीचची फळं भरून भाजलेला गोड पाय कापून ताटल्यांत पुढ्यात ठेवला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग डार्लिनने फोटो टेबलावर ठेवला.

हार्लनने तो उचलला नाही, नुसता लांबून पाहिला.

"ती गाडी शोधू नकोस," तो म्हणाला.

"का हो?"

"माणूस मेलाय तिच्यात."

ओपल सिंकपाशी तशीच उभी राहिली. मग हार्लन आपणहून बोलू लागला, आणि माझा अंदाज आहे की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गाडी त्याने अर्नी नावाच्या एका पोर्तुगीज पोराला विकली होती. पोरगा हसरा होता. जानेवारीत एका गुरुवारी तो गॅरेजवर आला आणि म्हणाला, स्टिअरिंग डावीकडे ओढतंय. गाडी खाली बसवताना हार्लनने स्टिअरिंगचा दांडा तापवून वाकवला होता, एके ठिकाणी जोडही दिला होता. हातात दुसरं काम होतं म्हणून तो अर्नीला म्हणाला, सोमवारी आण, बघू. शनिवारी पहाटे कॉर्कोरनच्या रस्त्यावर धुकं पडलं होतं. आमच्याकडचं हिवाळ्यातलं धुकं तसलंच, आपल्याच गाडीचं नाक दिसत नाही. दुपारी पेट्रोल पंपावरचा माणूस हार्लनला म्हणाला, तुझी ती जांभळी मर्क्युरी कालव्यात गेली रे, स्टिअरिंग तुटलं म्हणतात, पोरगा जागीच गेला.

"सोमवारी आण म्हटलं मी त्याला," हार्लन म्हणाला. "सोमवारी."

तो उठला आणि मागच्या अंगणात निघून गेला. आम्ही ताटल्या तशाच टाकून उठलो. पिकअपपाशी पोचलो तर मागून ओपल आली, अंगात स्वेटरही नव्हता.

"शोध तू," ती डार्लिनला म्हणाली.

"बाई, त्यांनी नको म्हटलंय. आणि जे सापडेल ते याहून वाईट असलं तर?"

"याहून वाईट काय असणार? अगं, त्या आठवड्यात पेपर यायचा तो मी न वाचता चुलीत घालायचे. त्याला दिसू नये म्हणून. ना तो कुणाकडे गेला, ना कुणी आमच्याकडे आलं. दार वाजलं की आजही वाटतं, त्या पोराची आईच आली." तिने डार्लिनचा हात धरला. "स्टिअरिंग तुटलं असेल तर तुटलं असेल. मग आम्ही दोघं त्या पोराच्या थडग्यावर तरी जाऊन येऊ. पण खरं काय ते कळू दे."

परतताना हॅनफर्ड आल्यावर डार्लिन म्हणाली, "मला यात पडायचं नव्हतं."

"मग पडू नकोस."

"गप्प बस," ती म्हणाली. त्याचा अर्थ मला कळला.

एवढ्या जुन्या अपघाताबद्दल विचारायचं तर कुणाला? ती म्हणाली, गाडी कालव्यात गेली तर कुणीतरी ओढून काढली असणारच. तेव्हा आमच्या भागात गाड्या ओढायचा ट्रक एकाच माणसाकडे होता, मॅन्युएल टोस्टेकडे. तो लेमूरला मुलाच्या घरी राहत होता. नव्वदीच्या घरात पोचला होता, कान गेले होते, पण उंची तशीच होती. खुर्चीत बसला तरी आमच्या खांद्याला लागत होता, आणि डोक्यावर हॅट.

"जांभळी मर्क्युरी? कॉर्कोरनचा कालवा? आठवते ना," तो मोठ्याने म्हणाला. "धुक्यात कापसाची गाडी रस्त्यात उभी होती, तिला मागून धडकून खाली गेली. पोरगं मेलं होतं. वाईट वाटलं मला."

"स्टिअरिंग तुटलं होतं का?" डार्लिन त्याच्या कानात ओरडली.

"छे. तुटलं असतं तर मी आत कशाला बसलो असतो? गाडी वर ओढताना कुणीतरी आत बसून चाक सांभाळावं लागतं. पोराला नेल्यावर मीच बसलो. व्यवस्थित वळत होतं."

डार्लिन एकदम थांबली. मग हळूच म्हणाली, आणि मग आठवून परत ओरडली, "तुम्ही आत बसलात? हॅट घालून?"

"हॅट मी चर्चमध्येच काढतो, पोरी."

"डोकं टेकलं नाही छताला?"

"का टेकेल? मर्क्युरी आहे ती, शवपेटी नाही."

तिने पर्समधून फोटो काढून त्याच्यापुढे धरला. म्हाताऱ्याने तो डोळ्यांजवळ नेला आणि मान हलवली. "ही नव्हे. हिच्यात मला घडी घालून बसवावं लागेल. ती साधी गाडी होती, कारखान्यातून आली तशी. रंग तेवढा असा. त्या साली निम्म्या पोरांनी हाच रंग मारला होता."

बाहेर आल्यावर डार्लिन पिकअपच्या बॉनेटला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, चल, आत्ताच हार्लनला सांगू.

"काय सांगू? नव्वदीचा म्हातारा म्हणतो गाडी दुसरी होती? त्याला ते पटायचं नाही. शिवाय अर्नी गेला कुठे मग? सोमवारी तो गाडी घेऊन आला नाही, हे तर खरंच आहे ना."

अर्नीचं आडनावही कुणाला माहीत नव्हतं. पण पोर्तुगीज माणूस हरवला तर तो शोधायची आमच्याकडे एकच जागा आहे. मे महिन्यात पवित्र आत्म्याचा सण येतो, राणी म्हणून सजवलेल्या मुलीची मिरवणूक निघते, आणि दुपारी हॉलमध्ये सगळ्यांना फुकट सोपास वाढतात. पुदिना घातलेला गोमांसाचा रस्सा आणि त्यात पाव. डार्लिन स्वतः त्यातलीच. त्या दिवशी तिने हातात वाडगा घेतला आणि प्रत्येक लांब टेबलावर जाऊन विचारत सुटली, सत्तावन्न सालच्या आगेमागे जांभळी मर्क्युरी चालवणारा अर्नी कुणाचा? रस्सा वाढणारी एक ठसठशीत बाई, फिलोमेना नावाची, पळी हातात धरूनच थांबली.

"आमचा अर्नी बेटनकोर्ट. माझा चुलतभाऊ. का गं, काय केलं त्याने?"

"तो कसा गेला, ते विचारायचं होतं."

"गेला?" फिलोमेनाने भांड्यात पळी आपटली. "गेला म्हणजे तुलेलेकला गेला, मामाच्या बटाट्याच्या शेतावर. मेला असता तर माझ्या धाकटीच्या लग्नात टेबलावर चढून नाचला कोण? भूत?"

डार्लिन मटकन बाकावर बसली आणि रडू लागली. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, हिचा जुना प्रियकर असणार. तशी आवई नंतर महिनाभर गावात फिरत होती, आणि डार्लिनने ती खोडून काढायची तसदी घेतली नाही.

फोनवर अर्नी आधी हसला, मग त्याने पूर्ण गोष्ट ऐकून घेतली. मामाने शुक्रवारी रात्री फोन करून बोलावलं, माणूस हवाय म्हणाला, म्हणून तो शनिवारी सकाळीच गाडी घेऊन उत्तरेला निघाला होता. हार्लनला कळवावं असं डोक्यातही आलं नाही. "गाडी आहे की माझ्याकडे," तो म्हणाला. "कोठारात. पंधराएक वर्षं रोज चालवली, मग पोरं झाली, त्यात मावेनात."

"आणि स्टिअरिंग? डावीकडे ओढत होतं ना?"

"ते होय? टायरात हवा कमी होती. वाटेतल्या पंपावर भरली."

मी टायरवाला माणूस. पण हे ऐकून हसावं की काय करावं, मला सुचलं नाही.

डार्लिन म्हणाली, हे फोनवर सांगायचं नाही. अर्नीही म्हणाला, मी येतो. सबंध दिवसाचा प्रवास करून तो आला, टक्कल पडलेला, पोट सुटलेला, हसरा. हार्लनच्या घरी डार्लिन आधी एकटी आत गेली. मी आणि अर्नी पायरीशी थांबलो. जाळीच्या दारातून तिचा आवाज ऐकू येत होता.

"हार्लन, तुम्ही नको म्हणालात तरी मी शोधलं. रागवायचं तर मागाहून रागवा. कालव्यातली गाडी तुमची नव्हती. आणि तुमचा अर्नी बाहेर उभा आहे."

मग हार्लन दाराशी आला. जाळीआडून त्याने अर्नीकडे पाहिलं. चाळीस वर्षांत माणूस इतका बदलतो, ओळख पटायची कशी? अर्नीलाही ते जाणवलं असावं. तो म्हणाला, "मिस्टर स्टिडम, तुम्ही सोमवारी आण म्हणाला होतात. मला जरा उशीर झाला."

हार्लन दार उघडून बाहेर आला. ओपलने मागून धरून त्याला व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं. त्याने अर्नीचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. अर्नी बडबडत राहिला. त्या गाडीतून त्याने बायकोला लग्नाआधी फिरवलं होतं, थोरल्या मुलीला दवाखान्यातून घरी आणलं होतं, एकदा बर्फात घसरून कुंपणात घुसला होता तरी स्टिअरिंग ठणठणीत राहिलं होतं. हार्लन ऐकत होता, त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

नंतर कॉफी पिताना त्याने डार्लिनला विचारलं, "मग तो पोरगा कोण होता?"

"ड्वेन प्रुइट. एकवीस वर्षांचा. आईवडील मागेच गेले. बहीण आहे, व्हिसेलियाला."

"तिला कुणी भेटलं का?"

"मी भेटले. बरं वाटलं तिला, भाऊ कुणाच्या तरी लक्षात आहे म्हणून."

हार्लनने मान डोलावली. "इतकी वर्षं मी दुसऱ्याच पोराचं नाव घेऊन प्रार्थना करत होतो," तो म्हणाला.

"पोचली असेल बरोबर जागी," ओपल म्हणाली. "पत्ता चुकला म्हणून देव थोडीच परत पाठवतो."

ऑगस्टमध्ये आम्ही सगळे तुलेलेकला गेलो. कोठारात बटाट्याच्या पोत्यांमागे ताडपत्रीखाली गाडी उभी होती. रंग उडालेला, मागच्या काचेला तडा, पण त्या छताची रेघ तशीच, फोटोत होती तशी. हार्लनने आधी छतावर तळवा फिरवला. मग टॉर्च मागून घेतला आणि कुणाचं न ऐकता, त्या वयात, पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. त्याचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. आत टॉर्चचा उजेड हलला, मग एका जागी स्थिर झाला.

"काय दिसतंय?" डार्लिनने वाकून विचारलं.

"जोड," आतून आवाज आला. थोड्या वेळाने, "बरा दिलाय कुणीतरी."

त्याला बाहेर काढायला दोघं लागले. अर्नी म्हणाला, गाडी तुम्हीच घेऊन जा, तुमचीच आहे. हार्लनने ऐकलं नाही. "तू विकत घेतलीस, तू चालवलीस. माझं काम झालंय." पण रंगाला हात लावायचा असेल तर मला बोलाव, असंही तो म्हणाला, आणि शिशाचं काम हल्लीच्या पोरांना जमत नाही, यावर जेवण होईपर्यंत बोलत राहिला. ओपल माझ्याशेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "आता याला गप्प कसं करायचं?" तिच्या चेहऱ्यावरून तशी काही घाई दिसत नव्हती.